गारव्यात दडलेला

१

प्रणितने काउंटरवर गोळ्यांच्या पट्ट्या आपटल्या, तेव्हा हाफिजभाई एका बाईला खोकल्याचं औषध किती चमचे घ्यायचं ते समजावून सांगत होते. पट्ट्या घसरत जाऊन वजनकाट्याला थडकल्या. ती बाई औषधाची बाटली उचलून दुकानाच्या पायरीपर्यंत मागे सरकली, पण गेली मात्र नाही.

"नकली आहेत या," प्रणित म्हणाला. आवाज चढलेला होता, आणि तो अशा सुरात बोलणाऱ्यांतला दिसत नव्हता. "तीन प्रकारच्या अँटिबायोटिक झाल्या. तिन्ही तुमच्याच दुकानातून नेल्या. माझ्या आईचं बोट रोज जास्त सुजतंय. सर्जन म्हणतोय, सोमवारी दाखवा, बोट ठेवायचं की काढायचं ते बघू. आता बोला!"

पनवेलच्या बंदर रोडवर हाफिजभाईंचं औषधांचं दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं. उरणहून येणारे कोळी, आसपासच्या गावांतली माणसं, आता खारघरच्या टॉवरमध्ये राहायला गेलेली जुनी गिऱ्हाइकं, सगळ्यांचा पाय तिथे लागायचा. अब्बांना कुणी खोटारडं म्हटल्याचं त्यांच्या मुलीने, झेबाने आजवर ऐकलं नव्हतं. ती मागच्या खोलीत चहा पीत बसली होती. कप तसाच ठेवून ती बाहेर आली.

"बेटा, माल कंपनीकडून थेट येतो," हाफिजभाई हळू आवाजात म्हणाले. "आणि परवा तू आलास, म्हणालास सगळ्यात भारी इंजेक्शन द्या. मी नाही म्हटलं. चिठ्ठीशिवाय मी ते देत नाही. त्याचा राग असेल तर…"

"राग माझ्या आईच्या हाताचा आहे! शुक्रवारी मी औषध खात्यात तक्रार करतोय."

प्रणित वळला. झेबाने त्याला पायरीवर गाठलं.

"दादा, एक मिनिट. मी झेबा, यांची मुलगी. मेडिकल कॉलेजमध्ये मायक्रोबायॉलॉजी शिकवते. जंतू वाढवायचे, ओळखायचे, कुठलं औषध त्यांना मारतं ते बघायचं, हेच माझं काम. आईच्या चालू पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या मला द्याल? दुकानातल्या नकोत. तुमच्या घरातल्याच हव्यात."

तो तिच्याकडे संशयाने बघत राहिला. मग खिशातून अर्धी पट्टी काढून त्याने तिच्या हातावर ठेवली.

"आणि नकली निघाल्या तर?"

झेबाने एकदा मागे बघितलं. अब्बा काउंटर पुसत होते. तो स्वच्छच होता.

"तर तक्रारीवर पहिली सही माझी," ती म्हणाली.

२

लॅबमधला प्रयोग अगदी साधा होता. ओळखीचा, नेहमी सापडणारा पू करणारा जंतू झेबाने एका बशीत पसरला. प्रणितच्या पट्टीतली गोळी कुटून पाण्यात विरघळवली, कागदाची छोटीशी चकती त्यात भिजवली आणि बशीच्या मधोमध ठेवली. गोळी खोटी असेल तर जंतू चकतीच्या कडेपर्यंत दाटणार होते.

दुसऱ्या दिवशी तिने बशी उघडली. 

चकतीभोवती स्वच्छ, गोल, रिकामं मैदान पडलं होतं. एकही जंतू तिकडे फिरकला नव्हता.

तिने बशी तशीच प्रणितला नेऊन दाखवली. तो बंदराजवळच्या एका कंपनीत नोकरी करायचा. जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन, डबा हातात धरून, तो ती बशी उलटसुलट बघत राहिला.

"म्हणजे औषध खरं आहे."

"खरं आहे. दमदार आहे."

"मग ते माझ्या आईला का लागू पडत नाही?" त्याचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि तेच जास्त ऐकवत नव्हतं. "आई ते टाकून देत नाही. रिया, माझी बायको, समोर उभी राहून गोळी देते. वेळेवर, जेवणानंतर, एकही चुकवली नाही. साखर तपासली, नॉर्मल आहे. मग दोष कुणाचा?"

झेबाने बशी परत घेतली. औषध सुटलं, रोगी सुटला. उरले ते औषध निवडणारे डॉक्टर. आणि त्या डॉक्टरांनीच लहानपणी झेबाला गोवराच्या तापातून काढलं होतं.

३

डॉक्टर कमलाकर जोगळेकरांचा दवाखाना हाफिजभाईंच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. प्रणितच्या आईच्या, दमयंतीबाईंच्या कुटुंबाला ते करंजाच्या कोळीवाड्यातल्या दिवसांपासून ओळखायचे. झेबाला बघून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"ये. चौकशीला आलीस ना? बस, आरोपी तयार आहे."

"डॉक्टरकाका, असं नका ना बोलू."

"अगं, मीच स्वतःची उलटतपासणी घेतोय कधीपासून." त्यांनी दोन रिपोर्ट पुढे सरकवले. "दोनदा बोटातला द्राव तपासायला पाठवला. दोन्हीकडे एकच उत्तर. काही उगवलं नाही. जंतूच नाही म्हणे! आणि बोट तर डोळ्यांसमोर जळतंय."

"औषध सुरू करायच्या आधी नमुना घेतला होता?"

"नाही. साधा पू वाटला, नेहमीची गोळी दिली. उतार पडेना तेव्हा दुसरी. मग तिसरी. नमुना गेला तो त्यानंतर." त्यांनी रिपोर्ट बाजूला सारले. "पण झेबा, तेवढ्यानं हे सुटत नाही. मला दोन गोष्टी खटकतात. एवढी सूज, तरी बाईला ताप नाही. जेवण व्यवस्थित, झोप व्यवस्थित. आणि बोटावरची गाठ तिथेच थांबली नाही. मनगटावर एक आली, मग तिच्या वर हातावर आणखी एक. एका ओळीत, चढणीला लागल्यासारख्या."

झेबा पुढे झुकली. "एका ओळीत?"

"हो. ते बघितल्यावर मी पहिला प्रश्न काय विचारला असेन? बाई जन्मभर मासळी विकणारी. म्हटलं, दमयंती, मासा टोचला का? कोळंबीचं टोक, शिंगाळ्याचा काटा, काही? ती म्हणाली, नाय डॉक्टर, मासळी सोडली मी. वर्ष होऊन गेलं. पोराला शब्द दिलाय."

"आणि तुम्ही विश्वास ठेवलात."

"पंचवीसेक वर्षांच्या ओळखीत ती माझ्याशी कधी खोटं बोललेली नाही," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर आणला. "निदान मला तरी तसंच वाटतं."

४

खारघरच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दमयंतीबाई खिडकीशी बसल्या होत्या. उजवा हात उशीवर. करंगळीजवळचं बोट जांभळं, फुगलेलं. वर मनगटावर आणि हातावर सुपारीएवढ्या दोन गाठी. पण चेहरा टवटवीत, कपाळावर ठळक गोंदण, आणि झेबाला बघताच पहिला प्रश्न:

"हाफिजभायची पोर ना तू? बस गं बाय. माज्या पोरानं तुज्या बापाला कायबाय बोलला, व्हय? त्याच्या वतीनं मी हात जोडते. एकच जोडता येतो, तेवढा मानून घे."

झेबाला हसू आलं. लिफ्टमधून वर येताना ठरवलेले सगळे कडक प्रश्न तिथेच विरघळले.

"मावशी, हात दुखतो?"

"ठणकत नाय फार. जड वाटतो. आमी काय, हात चालंना म्हंजी जीव चालंना."

"बागेत काम करता? गुलाबाचा काटा वगैरे?"

"हितं कसली बाग? एक तुळस हाय."

"घरात शोभेचे मासे? काचेची पेटी?"

"नाय बा."

"आणि बाजारातली मासळी?"

दमयंतीबाईंनी आधी दाराकडे बघितलं. दारात सून रिया चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मग त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "वरीस झाला. पोराला शब्द दिला हाय."

अगदी हेच वाक्य डॉक्टरांनाही मिळालं होतं. 

झेबा कप ठेवायला म्हणून रियाच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. रिया बँकेत नोकरी करणारी, चटपटीत मुलगी. सासूच्या काळजीने तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"दिवसभर काय करतात आई?"

"आता काहीच नाही. बोअर होतात हो बिचाऱ्या. आधी भजनाला तरी जायच्या. पनवेलला बायकांचं मंडळ आहे म्हणे. बुधवार, शुक्रवार, रविवार. सकाळी लवकर निघायच्या, जेवायच्या वेळेला परत. इतक्या खूश यायच्या! आल्या की पहिली आंघोळ, मगच बोलणार."

"भजनाहून आल्यावर आंघोळ?"

"सोवळं असेल काहीतरी." रियाने फ्रीज उघडला आणि सहज म्हणाली, "सरबत करते थोडं. हल्ली लिंबं टिकतात घरात. मध्यंतरी तर मी डझनानं आणायचे आणि कुठे जायची कोण जाणे!"

झेबाने हातातला कप ओट्यावर ठेवला. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. भजनाला सगळी पनवेल हे वार धरते. आणि दमयंतीबाईंचं मंडळ नेमके हे सगळे वार सोडून, मासळी खपायच्या वारांनाच बसत होतं. आणि हाताचा मासळीचा वास काढायला लिंबूच लागतं.

"रिया," ती हळूच म्हणाली, "उद्या बुधवार आहे. अर्धा दिवस रजा मिळेल?"

५

उरण नाक्याच्या मासळी बाजारात पाय ठेवताच रियाने पदर नाकाला लावला. झेबा मात्र एकेक ओटा बघत पुढे चालली होती. बर्फ फुटत होता, पापलेटांचे ढीग लागत होते, भावावरून हुज्जत चालली होती. एका ओट्यावर एक थोराड बाई सुरमईचे तुकडे करत होती. तिच्या शेजारी धुवून उपडा ठेवलेला रिकामा पाट होता. इतक्या गर्दीत त्या जागेवर कुणी टोपलीही ठेवली नव्हती.

"मावशी, ही जागा कुणाची?"

"हाय एकीची. आजारी हाय. तुमी काय घेता बोला."

"दमयंतीबाईंची?"

कोयता हवेतच थांबला. त्या बाईचं नाव भामा. तिने दोघींना वरपासून खालपर्यंत निरखलं.

"तुमी कोन?"

"मी सून त्यांची," रिया म्हणाली. तोंडावरचा पदर कधी खाली आला ते तिलाही कळलं नाही. "आई इथे येतात? आम्हाला सांगतात भजनाला जाते म्हणून."

"भजन?" भामाच्या तोंडून हसू फुटलं आणि लगेच आत गेलं. "अगो माजे बाय, दमू आन् भजन! तिला एक अभंग धड येत नाय. पर मी बोलली म्हनून सांगू नका. तिनं शपत घातली हाय."

झेबा ओट्याला टेकली. "भामामावशी, त्यांचं बोट कापायची वेळ आली आहे. मला फक्त एक सांगा. त्यांना इथे काही लागलं होतं का?"

भामाचा चेहरा उतरला. तिने कोयता खाली ठेवला, हात पदराला पुसले.

"बोट कापनार? इतका झाला?" ती म्हणाली. "शिंगाळा साफ करीत व्हती. काटा गेला बोटात, ह्या सांध्यापाशी. मी बोलली, दवाखान्यात जा. ती बोलली, काय सांगू तिथं, भजनात काटा टोचला म्हनू? हळद लावली, आन् बसली परत कामाला. ती जखम तर भरली व्हती गो. मागनं गाठ आली."

रियाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. झेबाच्या डोक्यात मात्र एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसत होती. मासा. पाणी. ताप नाही. एका ओळीत चढणाऱ्या गाठी. आणि लॅबच्या बशीत काहीच न उगवणं.

गुन्हेगार कोण ते तिला कळलं होतं. पण ते सिद्ध करायचं तर दमयंतीबाईंनी भामाला घातलेली शपथ मोडावी लागणार होती, आणि ती मोडायचा हक्क तिला नव्हता.

६

"मावशी, तुम्ही सांगाल की मी सांगू?"

संध्याकाळी त्याच खिडकीशी झेबाने विचारलं. रिया मुद्दाम खाली भाजी आणायला गेली होती. प्रणित यायचा होता.

दमयंतीबाईंनी सुजलेला हात उशीवर नीट ठेवला. मग म्हणाल्या, "त्याचा बाप गेला तवा ह्यो माज्या हाताकडं बघून रडला. बोलला, आई, ह्या हातांनी बर्फातली मासळी काढून मला शिकीवलास, आता ह्यानला आराम. मी हो बोलली. काय बोलनार? पर पोरी, हितं दार लावलं की मानूस दिसत नाय. बाजारात कोन भांडतो, कोन हसतो, कोन उधार मागतो. जीव लागतो तिथं. त्याला कसा सांगू, तुज्या आरामात माजा जीव गुदमरतो?"

दाराशी किल्ली फिरली नव्हती. दार उघडंच होतं. प्रणित बूट हातात धरून चौकटीत उभा होता. किती ऐकलं, ते त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"आई," तो म्हणाला, "तू डॉक्टरकाकांना पण खोटं सांगितलंस?"

"तुला खोटं बोलली, मग त्यांला खरं कसा सांगू? ते तुला बोलले असते."

तो येऊन तिच्या पायाशी जमिनीवर बसला. तिने डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. झेबा उठून गॅलरीत गेली आणि समोरच्या टॉवरचे मजले उगाचच बघत राहिली.

थोड्या वेळाने प्रणितच तिला आत बोलवायला आला. "आता सांगा. माझ्या आईच्या हातात नक्की काय आहे?"

"क्षयाच्या जंतूचा एक लांबचा भाऊ," झेबा म्हणाली. दोघांचे चेहरे पांढरे पडलेले बघून ती घाईने पुढे बोलली, "घाबरू नका, हा टीबी नाही. फुप्फुसात जात नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही. हा पाण्यात राहतो, माशांच्या अंगावर राहतो. आणि याला गारवा आवडतो. शरीराच्या आतल्या उबेत याला करमत नाही, म्हणून तो बोटात, हातात, जिथे कातडी जरा थंड असते तिथेच रेंगाळतो. म्हणून मावशींना ताप नाही."

"मग रिपोर्टमध्ये का आला नाही?"

"आम्ही लॅबवाले नमुना कुठे ठेवतो? शरीराइतक्या उबेच्या पेटीत, दोन-तीन दिवस. हा तिथे वाढणारच नाही. वर हा फार सावकाश वाढतो. मासळीचं कुणी लिहिलं असतं तर आम्ही त्याला गारव्यात ठेवलं असतं, वाट बघितली असती. आणि नेहमीच्या पुवाच्या गोळ्या? अब्बांनी दिलेली प्रत्येक गोळी अस्सल होती. पण ती दुसऱ्याच जंतूसाठी होती."

"हे सगळं खरं कशावरून?" प्रणितने विचारलं. राग नव्हता, भीती होती.

"अजून नाहीच. हा माझा अंदाज आहे. सोमवारी सर्जनना थांबवा. बोट कापू नका, त्यातला इवलासा तुकडा मला द्या."

७

डॉक्टर कमलाकर स्वतः सर्जनशी बोलले. चालू गोळ्या थांबवल्या, त्वचेच्या डॉक्टरांनी तुकडा काढला. झेबाने त्याचे दोन भाग केले. एक नेहमीच्या उबदार पेटीत गेला, दुसरा त्याहून गार पेटीत. तुकड्यातला थोडा भाग रंगवून तिने सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कितीतरी वेळ नुसतं निळंच दिसत होतं. मग एका कोपऱ्यात दोन बारीक लाल काड्या दिसल्या, क्षयाच्या घराण्यातले जंतू. तेवढ्यावर औषध सुरू करता येत होतं, आणि डॉक्टरांनी ते केलं. पण हे लाल काडीवालं घराणं मोठं. नेमका कोणता भाऊ, ते अजून कळायचं होतं.

आठवडे जात राहिले. प्रणित रोज फोन करायचा. त्याने औषध खात्यात तक्रार केली नाही, पण दुकानाची पायरीही चढला नाही. हाफिजभाई रोज जेवताना विचारायचे, "त्या माऊलीचा हात कसा आहे?" आपल्या दुकानाबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही.

शेवटी एका सकाळी गार पेटीतल्या बशीवर फिकट ठिपके दिसले. उबदार पेटीतली बशी कोरीच होती. झेबाने ती गार बशी खिडकीशी, उजेडात ठेवली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी ते ठिपके लिंबासारखे पिवळेजर्द झाले होते. उजेड लागला की पिवळं पडायचं, ही याचीच खूण.

डॉक्टरांच्या दवाखान्यात तिने ती बशी टेबलावर ठेवली, तेव्हा दमयंतीबाईंनी वाकून बघितलं.

"ह्योच व्हय तो? दिसाया तर बरा हाय."

डॉक्टर मोठ्याने हसले. मग गंभीर झाले. "आता ऐका. दोन औषधं चालू आहेत, दोन्ही एकदम घ्यायची. एकटं दिलं तर हा त्याला चुकवायला शिकतो. महिनेच्या महिने घ्यायची, आणि बोट बरं दिसायला लागलं म्हणून बंद करायची नाहीत. वरून भरलेलं दिसतं तेव्हाही हा आत असतो. त्यातली एक गोळी डोळ्यांवर परिणाम करू शकते, म्हणून मधूनमधून डोळे तपासायचे."

"इतके महिने?" प्रणित म्हणाला. "काका, याहून भारी काही नाही का?"

"जी याच्यावर चालते ती भारी," झेबाने उत्तर दिलं. "तुम्ही त्या दिवशी अब्बांकडे मागितलेलं इंजेक्शन दुकानातलं सगळ्यात महाग होतं. याला त्याने गुदगुल्याही झाल्या नसत्या."

प्रणित मान खाली घालून बसला. मग उठला आणि बाहेर गेला. दवाखान्याच्या खिडकीतून झेबाला तो रस्ता ओलांडून दुकानाकडे जाताना दिसला. तो काय बोलला ते तिला कधीच कळलं नाही. अब्बांनी सांगितलं नाही. एवढं मात्र दिसलं, की हाफिजभाई काउंटरच्या बाहेर आले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

८

बोट वाचलं. जांभळा रंग उतरला, गाठी एकेक करून बसल्या. सांधा थोडा आखडला, पण मूठ वळायला लागली. औषधं थांबली त्यानंतर काही दिवसांनी, एका शनिवारी संध्याकाळी प्रणित दुकानात आला. झेबा काउंटरवर अब्बांना मदत करत होती.

"रबरी हातमोजे आहेत? जाड, काटा आत न जाणारे?"

"आईसाठी ना?" हाफिजभाईंनी खोका काढला. "हे घे, मध्यम मापाचे."

"तिचे झाले घेऊन. ती ते घालून बाजारभर शिव्या देत फिरते, म्हणते हात आंधळे झाले. पण घालते." प्रणित जरासा लाजला. "मोठ्या मापाचे द्या. मला हवेत."

"तुला कशाला?"

"रविवारी मी तिच्या शेजारी बसतो. रिया गिऱ्हाइकं सांभाळते, मी साफ करायला." त्याने आपले मऊ, कीबोर्डवर चालणारे हात काउंटरवर पसरले. त्यांवर खरवडल्याच्या बारीक खुणा होत्या. "काल रात्री आई भामामावशीला फोनवर सांगत होती, पोरगा शिकलेला हाय खरा, पर सुरमई आन् घोळ वळखत नाय. उद्या घोळ मासा ओळखून दाखवणार आहे."